मोरीच्या फळीवरची ताटली

साडी उजेडाकडे धरल्याशिवाय घ्यायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. दुसरा नियम असा की धरल्यावर तोंड वाकडं करायचं, मग साडी कितीही धड असो. मी सोळा वर्षं तोंड वाकडं केलं. ते आता तसंच राहिलंय असं माझी सून म्हणते.

जुने कपडे घेऊन बदल्यात भांडी देणाऱ्या बाईला लोक बोहारीण म्हणतात. भिवंडीत मी ऐंशीच्या सुमारास डोक्यावर पाटी घेतली आणि शहाण्णव साली ती उतरवून दुकान टाकलं. या अंकाच्या संपादकांचा निरोप आला, 'जेवणाची भांडी आणि त्यांचा टेबलावरचा उपयोग' यावर अनुभव लिहा. भांड्यांचा उपयोग मला माहीत आहे. लोकांनी केलेला उपयोग त्याहून जास्त माहीत आहे. शिवाय एका ताटलीवरून माझा एका बाईवर राग आहे आणि तो आजवर कोणी छापलेला नाही. म्हणून लिहायला बसले.

माझं माहेर अंबाडीच्या पुढे, शिक्षण सातवी पास. नवरा कामतघरला लूमवर होता आणि महिन्यातले निम्मे दिवस मालकाशी भांडून घरी होता. भांडण हा आमच्या घरचा जोडधंदा. मी तो बाहेर नेला आणि त्यावर घर चालवलं, एवढाच फरक.

धंदा सोपा आहे. दारात पाटी उतरवायची. घरातली बाई गाठोडं आणते. पाटीतलं एखादं भांडं उचलते, वाजवून बघते. आपण तिचे कपडे बघायचे. साडीच्या निऱ्यांची जागा, ब्लाउजची काख, पँटची बैठक. माणूस कुठे झिजतो ते त्याच्या कपड्यावरून कळतं. टेरिकॉटची पँट असेल तर मनात आनंद, चेहऱ्यावर सुतक. जरीची साडी असेल तर चेहऱ्यावर दुप्पट सुतक, कारण जरीत चांदी असते आणि ती आम्हाला दिसली हे बाईला दिसता कामा नये. धड कपडे मुंबईच्या जुन्या बाजारात जायचे. मऊ सुती चिंध्या परत इथेच लूमवाल्यांकडे, यंत्राचं तेल पुसायला. भिवंडीत कापड विणलं जातं, भिवंडीतच फाटतं आणि भिवंडीतच तेल पुसून संपतं. मधल्या प्रवासात एका बाईला एक वाटी मिळते.

पाटीत आधी सगळं स्टीलच असायचं. ताट, ताटली, वाटी, फुलपात्र. ताट पुरुषांना, ताटली मुलांना आणि उरलंसुरलं खाणाऱ्या बाईला. खणांचं ताट पाहुण्यांसाठी म्हणून घेतलं जायचं, पण भिवंडीत त्याचं कोणी कौतुक केलं नाही. आमटीला भातापासून लांब ठेवायचं तर जेवायचं कशाला, असं इथलं मत. वाटीवरून मात्र घर ओळखावं. मोठी वाटी मागणाऱ्या घरात मी पाणी मागायची. छोट्या वाटीच्या घरात तेवढंही मागितलं नाही.

झुलेखाआपाच्या घरात वाट्याच नव्हत्या. जुन्या मोहल्ल्यातलं कोकणी मुसलमानांचं घर, मागच्या बाजूला आठ लूम खडखडत असायचे. आपा साठीची, जाडजूड, तंबाखूनं दात काळे झालेली, माझ्याइतकीच तापट. आमचा सौदा सुरू झाला की शेजारणी खिडकीत येऊन बसायच्या.

त्या घरात जेवायला थाळ असायचं. परातीएवढं, तांब्याचं, कल्हई केलेलं. खाली दस्तरखान म्हणजे जेवणाची चादर पसरायची, मधोमध थाळ ठेवायचं आणि भोवती पाच-सहा जणी गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या. भात सगळ्यांचा एकच. ज्याने त्याने आपल्या समोरचं खायचं आणि चांगला तुकडा पाहुण्याच्या बाजूला सरकवायचा. पाहुण्याने तो परत सरकवायचा. असं तीन वेळा झालं की मग खायचं. टेबलाच्या सगळ्या रीती मी नंतर शिकले, पण याच्यापेक्षा अवघड एकही नव्हती.

एकदा मी तिला सहा चिनी मातीच्या ताटल्या दाखवल्या. पांढऱ्या, निळ्या काठाच्या.

"सहा मानसांना सहा ताटल्या?" ती म्हणाली. "कशाला गो? भांडण झालंय काय त्यांच्यान?"

तरी तिने त्यातली एक घेतली. नवऱ्याच्या दोन पँटी टाकल्या, एक ताटली उचलली. एक कशाला, असं मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला प्रश्न विचारला की ते विचार करायला लागतं, आणि विचार करणारं गिऱ्हाईक माझ्या कामाचं नाही.

जेवायच्या वेळेला मी तिथे असले की आपा थाळाशी सरकून जागा करायची. "ये गो कुसुम, बस."

"आज सोमवार आहे, आपा."

सोमवारचा उपास. तो मी करत नव्हते. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा बुधवार होता. मी काही माळकरी नाही, मटण-मच्छी सगळं खाणारी. थाळातही तेच होतं. पण त्या थाळात हात घालायचा म्हटलं की माझा हात पदराखाली जायचा. सासूला कळलं तर, वाडीत कळलं तर, अशी कारणं मी स्वतःला द्यायची. सासू तोवर वारली होती आणि वाडीतल्या कोणाला मी कधी भीक घातली नव्हती.

पुढे शहरात दंगल झाली. मी दीड वर्ष त्या मोहल्ल्यात पाऊल टाकलं नाही. गेले तेव्हा रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, नक्की तिकडेच का. आपा दारात बसली होती. मला बघून उठलीसुद्धा नाही. आतून चार गाठोडी आणवली आणि माझ्यापुढे टाकली.

"दुसऱ्या तिघी येऊन गेल्या," ती म्हणाली. "न्हाय दिले. मी बोल्ले, आमची येल."

मी गाठोडी सोडली, कपडे उजेडाकडे धरले. तोंड वाकडं करायला त्या दिवशी फार कष्ट पडले. आत थाळ मांडलं होतं. आपाने हाक मारली.

"आज सोमवार आहे, आपा."

"तुज्या आठवड्यान सोमवार किती गो?" एवढंच म्हणाली आणि हसत आत गेली.

मग डिनर सेटचे दिवस आले. दापोड्याच्या बाजूला शेतात गोडाऊनं उभी राहायला लागली. जमिनी गेल्या, पैसे आले, घरात काचेचं कपाट आलं, आणि कपाटात काय ठेवायचं हा प्रश्न घेऊन बायका माझ्याकडे आल्या. मी मुंबईहून मेलामाइनचे सेट आणायला लागले. सहा मोठ्या प्लेटी, त्या जेवायला. सहा छोट्या, त्यांना क्वार्टर प्लेट म्हणायचं, त्या काटे-हाडं टाकायला किंवा पुरी ठेवायला. सहा बाउल. झाकणाचे दोन डोंगे, एक भाजीचा, एक रश्शाचा. एक लांबट राइस प्लेट, भात वाढायला. आणि होडीच्या आकाराचं, चोच आणि दांडा असलेलं एक भांडं. घाऊक दुकानदार म्हणाला, ग्रेव्हीचं आहे. भिवंडीत ग्रेव्ही कोणी पाहिली नव्हती, होडी सगळ्यांनी पाहिली होती. एकीने त्यातून नातवाला दूध पाजलं. एकीने गणपतीवर पंचामृत सोडलं आणि शेजारणीला सांगितलं की हे खास त्याच्यासाठीच मिळतं. दुसऱ्या दिवशी शेजारीण माझ्याकडे हजर. मी म्हटलं, हो, खास त्याच्यासाठीच.

दापोड्याच्या शेवंतावहिनीला हा सेट हवा होता, आणि तो कपाटात ठेवायला नाही. तिच्या वैशालीला ठाण्याचं स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत. पहिल्यांदा बोलणी घसरली होती. मुलाकडची माणसं घरी आली तेव्हा वहिनीने जमिनीवर पाट मांडले आणि मुलाच्या आईचे गुडघे दुखायला लागले. आता दुसऱ्यांदा जेवायला येणार होती. वहिनीने टेबल आणलं होतं. टेबलावर काय मांडायचं ते घरात कोणाला माहीत नव्हतं.

"कुसुम, मना तो सेट पायजे. न तू येऊन मांडून दे," ती म्हणाली. "पोरीचं जमलं न्हाय तं मी खाडीत जीव देन."

"खाडीला आता पाणी नाही वहिनी. बदल्यात काय?"

तिने साड्या काढल्या. मी एकेक बाजूला सारली. तिने पितळी हंडा काढला. मी जांभई दिली. शेवटी तिने कपाटाच्या तळातून सासूचा लग्नातला शालू काढला. खरी जर, हातात घेतला तर मनगट खाली जाईल असा. मी तो उजेडाकडे धरला.

"उंदरांनी खाल्लाय," मी म्हटलं.

"कुठं खाल्लाय? दाखव."

"आज नसेल खाल्ला. खातील."

अर्धा तास ती मला शिव्या देत होती, मी तिला देत होते. शालू ठरला. तो पाहुण्यांच्या दिवशी जेवणं झाल्यावर मिळणार.

मी सकाळीच गेले. प्लेटी मांडल्या, शेजारी काटे-चमचे. वैशालीला शिकवलं की वाढणारीने डाव्या बाजूने यायचं, मोठी प्लेट रिकामी दिसू द्यायची नाही. सूपच्या बाउलात निवट्यांचं, म्हणजे खाडीतल्या माशांचं, कालवण ठेवलं, क्वार्टर प्लेट त्यांच्या काट्यांना. तांदळाची भाकरी प्लेटीपेक्षा मोठी झाली, ती चार घड्या करून ठेवली. होडी टेबलाच्या मधोमध ठेवून त्यात आमसुलाचं सार ओतलं. दिसायला झकास.

मोटारीतून माणसं उतरली ती सात. सेट सहाचा.

शेवंतावहिनी दारातच पांढरी पडली. सातवा माणूस म्हणजे मुलाचा मामा, दोन माणसांएवढा. स्टीलचं ताट मांडावं तर ज्याच्यापुढे येईल त्याचा अपमान, आणि मामाचा झाला तर संपलंच. मी राइस प्लेटमधला भात डोंग्यात ओतला, लांबट प्लेट पुसली आणि मामाच्या पुढे ठेवली.

"ही मानाची," मी म्हटलं. "मुलाच्या मामाची वेगळी असते."

मामाने इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यांच्या गोल, त्याची लांब. तो खुर्चीत दोन बोटं उंच झाला. पोटभर जेवला. भाकरी काट्याने मोडायचा प्रयत्न मुलाच्या वडिलांनी केला, ती उडून आग्रह करायला शेजारी बसलेल्या मुलीच्या बापाच्या मांडीवर पडली, सगळे हसले आणि तिथे लग्न जमलं असं माझं आजही मत आहे.

मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. मुलाच्या आईने विचारलं, "किती छान मांडलंय. कोणी केलं?"

"मीच," शेवंतावहिनी म्हणाली. "आमच्यात असंच असतं."

ते मी गिळलं. गिऱ्हाइकाने खोटं बोलणं हे धंद्यात धरलेलंच असतं. मग वहिनी आत आली, घाम पुसत, खूश. "कुसुम, तू पण जेवून घे." मोरीच्या वरच्या फळीवर हात घातला आणि जर्मनची, म्हणजे हलक्या अॅल्युमिनियमची, एक ताटली काढली. काठ पोचलेला, तळाला काळा डाग. ती राखेने घासली, धुतली, तिच्यात भात आणि कालवण वाढलं आणि मागच्या पायरीवर ठेवली.

त्या घरातली प्रत्येक वाटी, प्रत्येक ताट मी डोक्यावरून आणलेलं होतं. मांडणीत स्टील लखलखत होतं, ते माझं. टेबलावर मेलामाइन होतं, ते माझं. त्यातलं एकही मला जेवायला नव्हतं. बाहेरून आलेल्या बाईसाठी एक वेगळी ताटली, मोरीच्या फळीवर, घरातल्या भांड्यांत मिसळायची नाही.

मला राग आला की आधी कान गरम होतात, मग आवाज फुटतो. माझा आवाज त्या टेबलापर्यंत सहज गेला असता. काय बोलायचं तेही तयार होतं. मामाची मानाची प्लेट कुठून आली, सेट कशाच्या बदल्यात आला, सगळं. एका मिनिटाचं काम. तेवढ्यात वैशाली पाण्याचा तांब्या भरायला आत आली. तिने पायरीवरची ताटली पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.  तिचे कानही लाल झाले होते.

मी तोंड बंद ठेवलं. उभ्या आयुष्यात एकदाच, आणि त्याची भरपाई मला कोणी दिलेली नाही.

पाहुणे गेल्यावर वहिनीने शालू दिला. मी भात कुत्र्यापुढे ओतला, ताटली धुतली आणि पाटीत टाकली.

"ती कशाला नेतेस? पोचलेली हाय."

"सौद्यात धर," मी म्हटलं. शालूच्या आनंदात तिने धरली.

पुढचा महिनाभर मी ती ताटली पाटीत घेऊन फिरले आणि दारोदार गोष्ट सांगितली. प्रत्येक घरात बायका हळहळायच्या. त्यातल्या काहींच्या मोरीवर अशीच ताटली होती, ती मला उभ्या जागेवरून दिसायची. त्या दिवसानंतर मी अशा घरांना भांडी महाग केली.

एका शुक्रवारी, लूम बंद असतात त्या दिवशी, मी आपाकडे गेले. शुक्रवारचं जेवण मांडलं होतं. मी दारातच पाटी आपटली, जर्मनची ताटली काढली, सगळं पहिल्यापासून सांगितलं. आवाज चढला होता. थाळाभोवतीच्या सुना जेवायच्या थांबल्या.

"म्हणजे मी काय माणूस नाही?" मी म्हटलं. "माझ्यासाठी वेगळी ताटली ठेवायची?"

आपाने हात पुसले. उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. कागद पिवळा पडला होता. तिने तो सोडला. आत निळ्या काठाची चिनी मातीची ताटली होती, मीच दिलेली, दोन पँटींच्या बदल्यात.

"ही तुजी," ती म्हणाली. "तू थाळान बसत न्हाईस. मी बोल्ले, कदी भूक लागली तं? म्हनून येगली ठेवली. कोन जेवला न्हाय हिच्यान. मटनाचा हात लागला न्हाय. बग, कोरी हाय."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं, टोमण्याचा मला सराव आहे. ती मला ताटली दाखवत होती, एखादी चांगली वस्तू जपून ठेवली हे दाखवावं तशी.

मी खाली बसले. आपाने निळ्या काठाच्या ताटलीत दोन सांदणं ठेवली, वर नारळाचं दूध घातलं. मी खाल्ली. थाळापासून हातभर लांब बसून, एकटीने. आता सरकून थाळाशी बसावं असं मनात आलं. त्या सुनांनी जागा केली असती. पण ताटली माझ्यासाठी इतकी जपलेली, ती सोडून उठणं बरं दिसेल का, असं मी स्वतःला विचारलं. कारणं काढायला मी फार हुशार आहे, हे वर लिहिलंच आहे.

पुढच्या वेळी बसू, असं ठरवलं. पुढच्या वेळी घरात सामान बांधलेलं होतं. आपाच्या मुलाने लूम विकले, तो आखातात निघाला होता, आपा मुंब्र्याला लेकीकडे. थाळ गोणपाटात शिवलेलं भिंतीला टेकलं होतं. आपाने ताटली माझ्या हातात दिली.

"ने. हिच्यान दुसरा कोन जेवनार?"

बदल्यात तिने काही मागितलं नाही. माझ्या पाटीत तिला देण्यासारखं होतंही काय?

शहाण्णवला दुकान टाकलं तेव्हा गल्ल्यामागच्या भिंतीवर दोन खिळे मारले आणि दोन्ही ताटल्या टांगल्या. वर्षभरात शेवंतावहिनी आली, वैशालीबरोबर. वैशालीच्या कडेवर मूल. न फुटणाऱ्या काचेचा नवा सेट हवा होता. वहिनीची नजर भिंतीवर गेली.

"ही कसली गं जर्मनची ताटली टांगलीस?"

तिने ओळखली नाही. इतकी वर्षं मी जो राग जपला, तो ज्या बाईचा, तिला ताटली आठवत नव्हती. वैशालीला आठवत होती. ती मुलाचं झबलं नीट करायला लागली, ते नीटच होतं.

"एका घरातून आणली," मी म्हटलं. "बाहेरच्या बाईला जेवायला वेगळी ठेवलेली होती."

"अगो बाय. असली पन मानसं असतात?" वहिनीने मान हलवली. "न ही दुसरी?"

"ती पण तसलीच. बाहेरच्या बाईसाठी वेगळी ठेवलेली."

"पन ही तं किती चांगली हाय. हिच्यात जेवायला त्या बाईची काय तक्रार?"

"तिची कसली तक्रार. तिने ती मागूनच घेतली होती."

वहिनीला ते समजलं नाही आणि मी समजावलं नाही. तिने सेटची एक प्लेट उचलली, उजेडाकडे धरली, काठावर टिचकी मारली आणि काहीतरी कमी कर म्हणाली.

मी तोंड वाकडं केलं. त्या दिवशी ते मुद्दाम करावं लागलं नाही.